शेजारच्या काकांची बावीस कलमं
बोरगावात आमच्या शेजारच्या काकांची संत्र्याची बावीस कलमं चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पाच दिवसांत वाळली. काकू वारल्यावर वर्षभरात काकूंनीच लावलेलं संत्र्याचं झाडही रोगाने मेलं, पण त्याआधी काकांनी त्याच्या फांद्यांचे डोळे, म्हणजे कोंब, काढून दुसऱ्या रोपांच्या खुंटांवर बांधून ही कलमं केली होती. हिरव्या जाळीखाली ते दिवसभर झारीने पाणी देत. मी तिथे मोबाइलवरून चालणारं फवाऱ्याचं मशीन बसवलं आणि त्यांना पांढुर्ण्याला लेकीकडे जाऊन यायला सांगितलं. "तू पाहून राहिला ना? मंग जातो बापा," ते म्हणाले. दर अर्ध्या तासाने पाणी सुटावं म्हणून मी मोबाइलवर तीस लिहून पुढे मोठा एम टाकला. त्या मशीनमध्ये लहान एम म्हणजे मिनिटं आणि मोठा एम म्हणजे महिने. पहिला फवारा माझ्यासमोर उडाला, म्हणून मी निर्धास्त नागपूरला गेलो. पाच दिवसांनी आम्ही दोघं परतल्यावर काकांनी एका कलमाची साल नखाने खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. मी ते अक्षर दाखवलं. "यवढ्याशानं?" एवढंच विचारून त्यांनी झारी भरली आणि वाळल्या कलमांना पाणी घातलं. यंदा बहराचा वास सुटला तेव्हा मी सौंसरपर्यंतच्या रोपवाटिकांत पुन्हा विचारलं. काकूंच्या त्या झाडाचं कलम कोणाकडेही नाही.