अर्ध्यावर थांबणारं मांजर

माझी मावशी विणकामाचे नमुने काढते. स्वेटर विणून विकणाऱ्या बायका सगळीकडे असतात. मावशी स्वेटरवर काय उमटवायचं ते चौकटींच्या कागदावर काढून विकते. एक चौकट म्हणजे एक टाका. काळी चौकट आली की सुईवर काळी लोकर घ्यायची, पांढरी आली की पांढरी. बदकं, होड्या, फुलं, आणि सगळ्यांत जास्त खपणारी मांजरं. झोपलेलं मांजर, जांभई देणारं मांजर, लोकरीच्या गुंड्याकडे संशयानं बघणारं मांजर. घरात मात्र मांजर कधीच नव्हतं, कारण मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, मांजराच्या नुसत्या आठवणीनं शिंका येतात.

पूर्वी ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तेच मांजर पुन्हा हातानं काढायची. झेरॉक्सचा उपयोग नव्हता. त्यात फिकट पिवळी, फिकट निळी, सगळ्याच चौकटी करड्या यायच्या. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं. घरी येऊन तिनं ते हसत हसत सांगितलं, पण काका हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बगलेत खोकं मारून आले. खोक्यात स्कॅनर होता. कम्प्युटर घरात होताच. मावसबहीण नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा जुना कम्प्युटर मागच्या खोलीत राहिला होता, आणि मावशी त्यावर लोकरीचे गुंडे ठेवायची.

काका बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकाही वस्तूला त्यांनी सुखानं बंद पडू दिलेलं नाही. त्यांनी मागच्या खोलीत टेबल लावलं, वायरी भिंतीला चिमट्यांनी बसवल्या आणि मावशीला वारंवार वाकायला नको म्हणून यूएसबीच्या भोकांची एक पट्टी आणून टेबलाच्या कडेला ठोकली. जे काही लावायचं ते त्या पट्टीत लावायचं, मागे हात घालायचा नाही. मावशीला ही सोय फार आवडली. सुरुवातीला सगळं झकास चाललं. ती कागद काचेवर पालथा ठेवायची, झाकण लावायची, बटण दाबायची, आणि काचेखालचा दिवा सरकत जाऊन परत यायचा. मग ते मांजर ईमेलनं तिच्या गिऱ्हाइकांकडे जसंच्या तसं पोचायचं. डोळ्यांना विश्रांती मिळाली. फावल्या वेळात तिनं उंदीरसुद्धा काढायला घेतला.

उन्हाळा सुरू झाला आणि कम्प्युटर अडकायला लागला.

दिवा निम्म्या वाटेवर थांबायचा. पडद्यावर वरून अर्धं मांजर उतरलेलं असायचं: कान, डोळे, मिशा, आणि खाली काही नाही. माउस हलवला तरी बाण जागचा हलायचा नाही. कुठलीही कळ दाबा, ढिम्म. शेवटी बटण दाबून कम्प्युटरचा गळा घोटावा लागायचा आणि मग तो पुन्हा जागा होईपर्यंत वाट बघायची. त्याला उठायला काकांइतकाच वेळ लागतो, असं मावशी म्हणायची, आणि उठल्यावर तोही आधी बराच वेळ नुसता बसून राहायचा.

गंमत अशी की कधी कधी सगळं नीट व्हायचं. मावशीनं त्यातून आपला एक निष्कर्ष काढला. तिचं म्हणणं, फुलं चालतात, होड्या चालतात, फक्त मांजरं अडकतात. काकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. पण त्यांनी समोर उभं राहून पाहिलं तर खरंच सकाळी कमळ व्यवस्थित गेलं आणि दुपारी मांजर मिशांवर अडकलं. दुसऱ्या दिवशी तेच. मांजराच्या कागदात काळा रंग जास्त असतो, दिव्याला तो झेपत नसेल, असं काहीतरी ते पुटपुटले आणि पाना शोधायला गेले.

मग काकांचे उपचार सुरू झाले. स्कॅनर उलटा करून झटकला. काच आतून पुसली. ज्या दांडीवरून दिवा सरकतो तिला थेंबभर तेल घातलं. केबल बदलली. स्कॅनरचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, तोही काढून आणखी एकदा घातला. हे सगळं ते एका दमात करायचे आणि मग मावशीला म्हणायचे, बघ आता. आणि ते नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायचे, त्यामुळे तेव्हा चालायचं. दुपारी पुन्हा मिशांवर.

याच दिवसांत एक घोटाळा झाला. अडकलेल्या कम्प्युटरला पुन्हा सुरू केल्यावर मावशीला मांजराच्या नावाची फाइल दिसली. उघडून बघितली तर पुन्हा अडकेल या धास्तीनं तिनं ती न उघडताच एका गिऱ्हाइकाला पाठवून दिली. त्या बाई बालवाडीत शिकवायच्या. काही दिवसांनी त्यांचा फोटो आला. त्यांनी स्वेटर विणला होता, आणि मांजर मिशांपर्यंतच असल्यामुळे ते खिशाच्या वर असं बसवलं होतं की जणू खिशातून डोकं काढून बघतंय. वर्गातल्या सगळ्या मुलांना त्या खिशात हात घालून उरलेलं मांजर शोधायचं होतं. बाईंनी विचारलं होतं, असाच अर्धा कुत्रा मिळेल का. मावशीला शरम वाटली आणि हसूही आवरेना. तिनं अर्धा कुत्रा काढून दिला, पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. माझं काम मी ठरवीन तिथे संपलं पाहिजे, यंत्र ठरवील तिथे नाही, असं तिनं काकांना ऐकवलं. आणि त्या दुपारी खोक्यावर छापलेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज तरुण, पण दमलेला. त्यांच्यापुढे प्रश्नांचा ठरलेला क्रम असावा, कारण मावशीनं मांजराबद्दल सांगायला सुरुवात केली की त्या शांतपणे पहिल्या प्रश्नावर परत यायच्या. दिवा लागतो का, केबल घट्ट बसली आहे का, कम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. मावशीनं फोन स्पीकरवर ठेवला, कम्प्युटर बंद करून सुरू केला, आणि तो उठेपर्यंत हात रिकामे कशाला म्हणून विणकाम पुढे ओढलं.

थोड्या वेळानं फोनवरच्या बाईंनी विचारलं, मागे टकटक कसली येते, स्कॅनरमधून येत असेल तर तसं लिहावं लागेल. मावशी म्हणाली, सुयांची आहे, ती लिहू नका. मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांनीही मफलर विणायला घेतला आहे, पण तो कडांना तिरका होत जातो. रुंद होतो, मग त्या सगळा उसवतात आणि नव्यानं टाके घालतात. असं कितीदा झालं ते आता त्यांनाही आठवत नव्हतं.

तेवढ्यात कम्प्युटर उठला. मांजर ठेवलं, बटण दाबलं, अडकला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, आणि मधल्या वेळात पुन्हा मफलर. फोनवरच्या बाई मावशीला मॅडम म्हणत होत्या त्या मधेच कधीतरी मावशी म्हणायला लागल्या, आणि मावशीही तुम्हीवरून तूवर आली.

"सगळं उसवलंस तर चूक कुठे होती ते कधीच कळायचं नाही," मावशी तिला म्हणाली. "एकेक ओळ उसव. प्रत्येक ओळीला टाके मोज. जिथे आकडा बरोबर भरेल तिथे थांब. चूक त्याच्या वरच्या ओळीत असते."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"मावशी, आपण कम्प्युटरचं सगळंच उसवत बसलोय की," ती म्हणाली. "एकेक ओळ उसवू या. त्याला काय काय लावलंय ते सांगा मला."

हा प्रश्न तिच्या ठरलेल्या क्रमात नसावा. मावशीनं चष्मा नाकावर सरकवून पट्टीकडे बघितलं आणि वाचून दाखवल्यासारखं सांगितलं: माउस, स्कॅनर, टेबलावरचा छोटा दिवा, चार्जिंगला लावलेला काकांचा मोबाइल आणि पंखा. माउस आणि स्कॅनर लागणारच होते. बाकीच्यांतलं एकेक काढायचं आणि प्रत्येक वेळी तेच मांजर ठेवायचं असं ठरलं. दिवा काढला, मांजर अडकलं. मोबाइल काढला, मांजर थोडं पुढे गेलं, पंजांपर्यंत, आणि अडकलं.

राहिला पंखा. मावशीचा हात तिथे थबकला.

तो हाताएवढा निळा पंखा काकांनी आणला होता. मागच्या खोलीची खिडकी पश्चिमेची, दुपार झाली की टेबलावर थेट ऊन यायचं आणि मावशीच्या मानेवर घाम जमायचा. काकांनी कुणाला न सांगता बाजार पालथा घालून तो पंखा शोधला, पट्टीत बसवला आणि तिच्या मानेवर बरोबर वारा येईल असा वाकवून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकांनी तिच्यासाठी आपणहून आणलेल्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांत टायर बदलायचा जॅकसुद्धा धरावा लागतो. पंखा ती रोज जेवण झाल्यावर खोलीत आली की लावायची. सकाळी त्याची गरज नसायची.

आता तिच्या सगळं लक्षात आलं. कमळ सकाळी, मांजर दुपारी; फुलं-होड्या ती सकाळीच उरकायची आणि मांजरांचा मोठा गठ्ठा जेवणानंतर घ्यायची. आणि काका दारात उभे होते.

"पंखा राहू दे," ती फोनवर म्हणाली. "मी मांजरं सकाळी स्कॅन करीन."

फोनवरच्या बाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, मावशी, एकच तर ओळ राहिली. मावशी म्हणाली, राहू दे गं, दुपारी आभाळ आलं की बघू. काका दोघींचं ऐकत होते. मग ते पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पंख्याची वायर स्वतः उपटली. कम्प्युटर बंद करून सुरू केला. तो उठेपर्यंत या वेळी मफलरचाही विषय निघाला नाही.

मांजर ठेवलं. दिवा निघाला. कान, डोळे, मिशा. मिशांच्या खाली छाती, छातीखाली पंजे, आणि शेवटी मावशीनं फार जीव लावून काढलेली, पायांभोवती गुंडाळलेली शेपटी. दिवा सावकाश परत आला आणि माउसचा बाण हलला.

मावशीनं काकांकडे बघितलंच नाही. ती टेबल पुसायला लागली. मग काका हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलतील इतकं.

"अगं, उभा जन्म मी ड्रायव्हरांना ओरडलो," ते म्हणाले. "बॅटरी मरतुकडी, आणि दिवे चालू, वायपर चालू, वर हॉर्न. म्हटलं, घोटभर पाण्यात किती जणांचं भागणार रे? आणि घरी मीच पट्टी ठोकून हे करून ठेवलं."

फोनवरच्या बाईंनी सांगितलं की त्या पट्टीला सगळी वीज कम्प्युटरकडूनच मिळते, आणि स्कॅनरचा दिवा सरकवायला जरा जास्त लागते. म्हणून स्कॅनर पट्टीत नको, थेट कम्प्युटरच्या मागे लावा. मागे हात घालायचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं. पंखाही गेला नाही. काकांनी तो मोबाइलच्या चार्जरला जोडून भिंतीतल्या प्लगवर लावला, आणि वारा आता पहिल्यापेक्षा जोरात येतो हे मावशीकडून कबूल करून घेतलं.

फोन ठेवताना एक छापील आवाज आला: सेवेला एक ते पाच यांपैकी अंक द्या. मावशीचं मन भरून आलं होतं. तिनं पहिला नंबर म्हणून एक दाबला.

पुढचा फोन मदतीच्या नंबरावरच्या त्या बाईचाच आला, सुट्टीच्या दिवशी, तिच्या घरून. एक हा सगळ्यांत खालचा अंक होता. साहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं, आणि इतकी कशी वाईट सेवा दिली ते बघायला सगळं संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, तुझ्या साहेबांचा नंबर दे, मी त्यांना सांगते. पण पलीकडची बाई हसत होती.

"साहेब म्हणाले, यात तक्रार कुठेच सापडली नाही," तिनं सांगितलं. "पण मफलरचं मधेच राहून गेलं. त्या बाईंना फोन करून पुढचं विचारा म्हणाले. त्यांनाही मुलीसाठी करायचाय."

मावशीनं फोन स्पीकरवर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि मफलर कुठवर आला ते विचारलं. पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. ती दोघांसाठी लिहून घेणार होती. ऊन टेबलावर आलं होतं, म्हणून काकांनी येऊन पंखा लावला, स्कॅनरमध्ये तयार असलेला कागद बघून बटणही दाबलं, आणि बायकांच्या बोलण्यात मधे नको म्हणून दार लोटून घेतलं.

"पहिला टाका विणायचाच नाही, नुसता एका सुईवरून दुसरीवर घ्यायचा," मावशी सांगत होती. "कड आपोआप सरळ राहते."