चांदवडचे पाहुणे

माझ्या नणंदेला मी माफ केलेलं नाही. झालं गेलं गंगेला मिळालं, असं मला पुष्कळजणींनी सांगून पाहिलं. सांगणारीचं काय जातं? तिच्या छातीला टाके पडले नव्हते, आणि ती जिवंत असताना तिच्या संसाराला कुणी गिऱ्हाईक आणलं नव्हतं.

तेव्हा आम्ही सातपूरला राहायचो. नव्वदनंतरची वर्षं, पण आमच्या गल्लीत फोन एकाच घरी होता आणि मोबाइल कुणी पाहिलेलाही नव्हता. दोन खोल्या, नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी दुसरीत. एक दिवस अंघोळ करताना डाव्या छातीत साबणाखाली सुपारीएवढं काहीतरी सरकलं. मी महिनाभर कुणाला बोलले नाही. मग नवऱ्याला सांगितलं, त्याने त्याच्या बहिणीला सांगितलं, आणि बहिणीने पंचवटीपासून चांदवडपर्यंत सगळ्यांना.

ही त्याची मोठी बहीण. आई-वडील लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलं, ह्याची ती आम्हाला दर सणाला आठवण करून द्यायची. ती म्हणाली उठ की हा उठायचा.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढू आणि तपासायला पाठवू. कशाची आहे ते आठ दिवसांनी कळेल. तोवर कुणी काही ठरवून टाकायचं नाही." नवऱ्याने मान हलवली. नणंद शेजारीच बसली होती. तिला त्यातला 'गाठ' एवढाच शब्द ऐकू आला असणार.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने अंगावरचं सगळं उतरवायला लावलं. मी मंगळसूत्रही काढलं. नणंदेने रुमाल पसरला. "आण इकडे. मी सांभाळते, तू निर्धास्त जा," म्हणाली. त्या क्षणी मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं होतं, हे आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

आठ दिवसांनी कळलं, गाठ साधी होती. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मला वाटलं, आनंदाने. नणंदेला पेढा दिला तर तिने तो कारलं खावं तसा खाल्ला आणि म्हणाली, "देवाची कृपा." मंगळसूत्र मागितलं तर म्हणे, "टाके ओले आहेत, टोचेल गं. राहू दे माझ्याकडे." मी काळ्या पोतीत दोन मणी ओवून गळ्यात घातले.

बरं होणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. टाके निघाले तरी डावा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, ब्लाउजचं हूक लागेना, दोरीवर कपडे टाकता येईनात. दिवसभर मॅक्सी घालून बसायचे. शाळेत जायच्या आधी मुलगीच माझे केस विंचरायची आणि ओढून ओढून माझा जीव काढायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भिंतीला तोंड करून उभं राहा आणि बोटं हळूहळू वर चढवा. मी चढवायचे. कानाच्या वर गेलं की आतून कुणीतरी दोरी खेचल्यासारखी कळ यायची आणि मी हात सोडून द्यायचे. कपाटाच्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. नवरा रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला धक्का लागू नये म्हणून, असं मी समजत होते. बावळट मी.

शिवाय बघायला येणाऱ्या बाया. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जातात ते कशाला, हे मला तेव्हापर्यंत माहीत नव्हतं. शहाळं नाही तर सफरचंदं घेऊन यायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं आणि आपल्या माहितीतली कोण कोण ह्याच दुखण्याने गेली ते सांगायचं. एकीने तर विचारलं, "सगळंच काढलं का गं?" आणि मान लांब करून बघायला लागली. मी म्हटलं, "दाखवू का? तिकीट लागेल." ती परत आली नाही. बरं झालं.

तर एका रविवारी सकाळी दार वाजलं. मुलगी शेजारी खेळायला गेली होती, नवरा भाजी आणायला. दारात एक पन्नाशीची बाई आणि धोतर-टोपीतले एक गृहस्थ. हातात नारळ आणि सफरचंदांची पिशवी. मी मनात म्हटलं, आले आणखी.

"आम्ही चांदवडचे," बाई म्हणाली आणि आत येऊन बसली. मग आतल्या खोलीकडे बघून तिने आवाज उतरवला. "आतमधी हायेत का त्या?"

"कोण?"

"आजारी बाई हो. तुम्ही कोण त्यांच्या? बहीण का?"

माझ्या अंगावर मळकी मॅक्सी, गळ्यात दोन मणी, केस सुटलेले. तिला तरी काय दोष द्यायचा! मला का कोण जाणे, खरं सांगावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "घरातलीच आहे. बाई झोपल्यात."

"झोपू द्या, झोपू द्या," गृहस्थ म्हणाले. ते त्या बाईचे भाऊ होते. त्यांनी छताकडे पाहिलं, मोरीत डोकावलं, खिडकीची चौकट ठोकून पाहिली. "घर सोताचं हाय ना?"

आजाऱ्याला बघायला येणारा माणूस खिडकी ठोकून बघत नाही. खिडकी ठोकतात ते मुलीकडचे.

"तुम्ही घरातल्याच, मग तुमच्यापासून काय लपवायचं," बाई म्हणाली. "माझ्या पोरीचं एकदा मोडलंय. आता दुजवर बघणं आलं. ह्यांच्या बहीणबाईंनी सांगितलं, वहिनीचं काय खरं नाय, दिवस मोजायचे राह्यलेत, आणि घरात ल्हान पोर हाय. म्हटलं, आजाऱ्याला बघायच्या निमित्तानं घर बघून यावं. ज्यांचं त्यांना वाईटबी वाटायला नको. बहीणबाईंनी दागिनाबी दाखवला. मोठं मंगळसूत्र, दोन वाट्यांचं. म्हणाल्या, त्या गेल्या का हे मोडून पोरीला नवं घडवू."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती खरंच जाते. मला ती जाताना जाणवली. गाठ साधी निघाली तरी नणंदेने चांदवडला निरोप धाडला नव्हता. कुठल्या तोंडाने धाडणार? दिवस मोजणारी वहिनी भाकऱ्या थापायला लागली, असं कळवायचं होतं तिला? तिने आज-उद्या केलं, आणि पाहुणे ठरल्या दिवशी एसटीत बसले.

मी उठले. "बसा. पोहे करते," म्हटलं. पाहुणे घर बघायला आलेत, तर पोहे नकोत?

पोह्यांचा डबा वरच्या फळीवर होता. ऑपरेशनपासून त्याला माझा हात लागला नव्हता. त्या दिवशी उजव्या हातात कढई होती, म्हणून डावा वर केला. कानाच्या वर गेला. कळ आली, म्हटलं ये. आणखी वर गेला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि डबा हातात आला. डॉक्टरांच्या व्यायामाने जे महिनाभरात झालं नाही ते रागाने एका झटक्यात केलं. मी कांदा चिरला, भरपूर मिरच्या घातल्या, वर खोबरं-कोथिंबीर पेरली. असे पोहे मी परत कधी केले नाहीत.

पाहुणे पोहे खात असतानाच नणंद धापा टाकत दारात उभी. चांदवडचे लोक येऊन पोचायच्या आत गाठायला आली असणार. मला त्यांना वाढताना पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"या ताई," मी म्हटलं. "तुमचेच पाहुणे आहेत. मी ओळख करून देते. हे चांदवडचे, आणि मी ती आतमध्ये झोपलेली."

चांदवडच्या बाईचा घास हातातच राहिला. "आगं माय!" म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ताई," मी म्हटलं. "तुम्ही तर जिवंत म्हशीचा दावणीवरून सौदा केलात. माझं मंगळसूत्र कुठे आहे?"

"घरी आहे गं. तू आधी ऐकून तर घे..."

"आधी घेऊन या. आत्ता. आणि जाताना हे पोहे खाऊन जा, तिखट आहेत."

ती पोह्यांना न शिवता निघून गेली. त्यानंतर माझ्या उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही, आणि मी टाकू दिलं नाही. मंगळसूत्र संध्याकाळी तिचा नवरा देऊन गेला, मान खाली घालून. तिच्या मुलाच्या लग्नात मी गेले नाही, भाऊबीजेला तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र मी मुद्दाम नारळ पाठवला. समजायचं ते ती समजली.

पण हे एवढंच असतं तर मी केव्हाच विसरले असते.

चांदवडची बाई निघताना माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. "आमचं लय चुकलं, माय. आम्हाला काय ठाव? पोरगी तयारच नव्हती. म्हणायची, एक बाई हयात हाय आणि मी कशी हो म्हणू? पण तुमचे मालक सोता आले घरी, पोरीशी बोलले, तवा ती तयार झाली."

"कधी आले होते?" मी विचारलं.

"तुमचं आपरेशन झालं ना, त्याच आठवड्यात. शनवारी."

त्या शनिवारी मी दवाखान्यातून नुकतीच घरी आले होते. नळी काढलेली जागा ठसठसत होती. ह्याने सांगितलं होतं, "डबल ड्यूटी आहे, उशीर होईल." मी पडल्यापडल्या त्याच्यासाठी वाईट वाटून घेत होते, केवढं राबतोय बिचारा म्हणून.

मेथीच्या जुड्या घेऊन तो घरात आला तेव्हा टेबलावर उष्ट्या बशा तशाच होत्या. मी म्हटलं, "चांदवडचे येऊन गेले." पिशवी त्याच्या हातातून गळून पडली. तो काही नाकारत नव्हता. म्हणाला, "ताई म्हणाली म्हणून गेलो." मग म्हणाला, "मला भीती वाटली गं. पोरीचं कसं होईल."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याला भीती वाटलीच असणार. मी खरंच मेले असते तर त्याने दुसरी करायला माझी काही हरकत नव्हती. वाढत्या पोरीला घरात बाई हवी, हे मलाही कळतं. पण रिपोर्ट यायला आठ दिवस होते हो. आठ दिवस! तेवढेसुद्धा माझ्यासाठी थांबला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे मी म्हण म्हणूनच ऐकलं होतं. माझ्या घरात बघावं लागलं.

मी माहेरी गेले नाही. का जाऊ? घर माझं होतं. त्यालाही काढलं नाही. मी वेणी घालायला लागले, दोरीवर कपडे टाकायला लागले, आरशावरचा टॉवेल काढला. आणि संधीची वाट बघत राहिले.

वर्षभराने डॉक्टरांकडे दाखवायला गेले. तो बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच सांगितलं, सगळं ठीक आहे, आता पुढच्या वर्षी या. मी बाहेर आले. तो उठून उभा राहिला. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "आठ दिवस थांबा."

त्या आठ दिवसांत त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. रात्री उठून माझ्याकडे बघत बसायचा. मी मजेत झोपायचे. आठ दिवसांनी भाजी फोडणीला टाकता टाकता सांगितलं, "काही नाही निघालं." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी सूड घेतेय हे त्याला कळलं असणार, पण खात्री कुठून आणणार? डॉक्टरांना विचारायची हिंमत नव्हती. वर्षामागून वर्षं गेली, स्कूटरची मोटरसायकल झाली, मुलगी कॉलेजला गेली, तरी दरवर्षी त्याचे ते आठ दिवस मी चुकू दिले नाहीत.

मग एका वर्षी डॉक्टरांचा हात उजव्या बाजूला थांबला. त्यांनी सुई घालून पाणी काढलं आणि म्हणाले, "तपासायला पाठवतो. आठ दिवसांनी या."

मी बाहेर आले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोटरसायकलला किक मारली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आठ दिवस ना?"

"हो," म्हटलं.

तो जरासा हसला. एवढ्या वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती. त्या आठ दिवसांत तो पोटभर जेवला, घोरत झोपला, सुट्टीला मित्रांबरोबर सोमेश्वरला जाऊन आला. भिंतीकडे तोंड करून मी पडायचे. कितीदा वाटलं, त्याला गदागदा हलवावं आणि सांगावं की अहो, या वेळी खरं आहे, मला भीती वाटतेय. नाही सांगितलं. माझा जीव कासावीस झाला, पण नाही सांगितलं.

रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. काही निघालं नाही. घरी आले तेव्हा तो क्रिकेट बघत होता. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "काही नाही निघालं."

"माहीत होतं मला," तो म्हणाला, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.