एडका धरणारी

"सोडू नगंस! सोडलंस तर बघ!" हातातली जंताच्या औषधाची बाटली नाचवत मामा ओरडत होता. समोर त्याची पोरगी एडक्याची मागची तंगडी धरून पालथी पडली होती, आणि एडका तिला तलवाड्याच्या शिवारातून फरफटत डांबरी रस्त्याकडं निघाला होता. या एडक्यानं एकदा ट्रॅक्टरला धडक दिली, तेव्हा ड्रायव्हरनं मुकाट्यानं गाडी मागं घेतली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रॅक्टर कुणाचा तेवढं विचारू नका.

माझ्या या मामेबहिणीच्या हातून आजवर एकही जीव औषध प्यायल्याशिवाय सुटलेला नाही. एक मी सोडून, आणि तेही थोडक्यात. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. तो सांगायला मी नवाकोरा शर्ट घालून गेलो, तर म्हणाली, "पळ. सुटलास तर करते लग्न." दहा पावलं पळालो असेन नसेन. डोळे उघडले तेव्हा मी ज्वारीच्या धसकटात उताणा होतो, शर्टाला एकही बटण नव्हतं आणि ती विचारत होती, "पाजू का?" हक्काचा विषय मी परत काढला नाही.

तर त्या दिवशी एडका रस्त्यावर पोचला तो नेमका बीडच्या एका कॉलेजातल्या खेळाच्या सरांच्या मोटारसायकलपुढं. सर गाडी आडवी लावून बघतच राहिले. "कुठल्या कॉलेजात आहेस गं?"

"आदी ह्याचं तोंड उघडा, मग सांगते."

सरांनी निमूट उघडलं. तिथून तिचं रग्बी सुरू झालं.

चेंडू काखेत मारून पळणं तिला नवं नव्हतं. ओलं कोकरू घेऊन ती तशीच पळायची. समोरचीला आडवं करणं तर हातचा मळ. घोडं अडलं ते पुढं. पाडलं की लगेच सोडायचं, असा त्या खेळाचा कायदा, आणि हिला पाजल्याशिवाय सोडायची सवय नाही. शिट्टी वाजतेय, पंच ओरडताहेत, ही आपली घट्ट. एका सामन्यात तर पाडलेल्या पोरीच्या तोंडात अंगठा घालून जबडाच उघडला. तिनं दात दाखवले, हिनं मेंढराचं सांगावं तसं दातांवरून वय सांगितलं. तरी पोरगी भारताच्या संघात गेली. फक्त तिथल्या सरांनी बजावलं, "आता एकदा जरी धरून ठेवलंस, तर पुन्हा घरी मेंढरं!"

मामाला हे मुळीच पटलं नाही. "धरल्यालं सोडायचं? मंग धरायचंच कावून?"

परदेशातला तिचा पहिला सामना आम्ही मामाच्या अंगणात पाहिला. मोबाईल पाटीला टेकवलेला आणि त्यापुढं अर्धा तलवाडा. ती गेल्यापासून मेंढरांना औषध आम्हीच चौघंजण मिळून पाजत होतो. एडक्याला मात्र मामा कुणाला हात लावू देत नव्हता. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणायचा.

शेवटचं मिनिट. आपण जेमतेम पुढं. आणि समोरच्या संघातली कापसाच्या गाठीएवढी एक बाई चेंडू घेऊन आपल्या रेषेकडं सुटली. तिघी तिच्या अंगावरून उडाल्या. चौथी आमची. तिनं सूर मारला आणि धरली मागचीच तंगडी! गाठ धाडकन आडवी. पण आमचीचे हात तसेच आवळलेले. पंचाची शिट्टी ओठाला लागली.

मामा ताडकन उठला. "सोड! ये बये, सोड की!"

हा शब्द मामाच्या तोंडून गोठ्यानं कधी ऐकला नव्हता. एडकासुद्धा रवंथ थांबवून बघायला लागला. आणि तिकडं, सात समुद्रांपलीकडं, तिचे हात उघडले. आपल्या पोरींनी चेंडू उचलला, शिट्टी वाजली, जिंकलो. अंगणात कोण कुणाच्या गळ्यात पडलं याचा हिशेब लागला नाही.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. "आबा, पाह्यलं का? सोडलं म्या."

मामानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. कोनाड्यातल्या बाटलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एडक्याचं औषध ऱ्हायलंय."