झाकणं उघडणारी मावशी

आधी शेजारच्या मावशीचं सांगते. मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला जाणारी बाई, नात्याची ना गोत्याची. पण हिंगोलीत मला आई म्हणून तीच. माझं माहेर कोकणात, शाळा सातवीत सुटलेली. नवऱ्याच्या कामापायी इथं खोली करून राहिलो.

पहिला मुलगा सिझरचा. तेव्हा टाके ओढायचे म्हणून त्याला उचलून घेता यायचं नाही, आई कुशीत आणून द्यायची. आता आईच अंथरुणाला खिळलेली. म्हणून या खेपेला साधं बाळंतपण व्हावं, एवढंच मागत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रयत्न करू, पण पहिली कळ आली की लगेच यायचं.

कळ सकाळीच आली. नवरा रिक्षा आणायला गेला. मावशीनं माझी वेणी सोडली, पेटीचं कुलूप काढलं, मग एकेक डबा उघडत गेली. घरात काही बंद राहिलं की बाईची वाट अडते म्हणे. मी म्हटलं, पिठात मुंग्या होतील.

"होऊ दे. तू मोकळी हो, मंग चाळून घेऊ," ती म्हणाली. मी कळेतही हसले.

दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं बराबर चाललं होतं. मावशी माझी कंबर चोळत होती. मग एकाएकी जुन्या टाक्यापाशी वेगळंच दुखायला लागलं आणि बाळाचे ठोके मंदावले. सगळे धावले, मला आत नेलं. जुना टाका आतून उकलला होता. मी वाचले. मुलगी नाही वाचली.

घरी आले तर डबे तसेच उघडे. मावशीचा हात लागला नव्हता. मुलगा उचल म्हणून हात वर करत होता, तिनंच त्याला माझ्याजवळ बसवलं, आणि खाली बघून म्हणाली, "काहून उघडलं म्या समदं? त्याच्यानंच टाका बी उघडला."

 नंतर किती वेळा सांगितलं, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं कधीतरी होतं, कुणाच्या हातात नसतं. ती मान हलवते. पटत नाही तिला.

तिची लेक आता शिरड शहापूरहून बाळंतपणाला येणार आहे. मावशी म्हणते, मी कशाला हात लावणार न्हाई. नको लावूस, मावशी. त्या दिवशी तुझ्या लेकीची वेणी मी सोडीन, आणि दोन्ही घरांतलं एकेक झाकण माझ्या हातानं उघडीन.