डाव्या बाजूची सीट

सुभेदारांच्या शेडमध्ये पाहुण्याला आधी चहा मिळत नसे, आधी त्याचं वजन होत असे. दारातच भंगारातून आणलेला पोती तोलायचा काटा. "आण्णा, चढा," म्हणायचे. मी चढलो की आकडा बघून मान हलवायचे, डॉक्टरनं नातेवाइकांसमोर हलवावी तशी. "तुमी म्हंजी आख्खं इंजिन, आन वर गिअरबॉक्स," हे माझ्याबद्दलचं त्यांचं कायमचं मत. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना त्यांच्या शेडला लागून, मधली भिंत एकच. शेजारी म्हणून ऐकून घेत होतो. दुसरा कुणी असता तर चांगला वाजवला असता.

नाव उत्तमराव. गाव कोरेगावच्या बाजूचं, घरचा ऊस. फौजेत रणगाडे आणि अवजड ट्रक दुरुस्त करण्यात सगळी उमेद गेली आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. सासुरवाडी सांगलीची, म्हणून कुपवाडला शेड घेतली. आता असा माणूस निवृत्तीनंतर काय करतो? सिक्युरिटी एजन्सी काढतो, नाहीतर ग्रामपंचायतीला उभा राहून पडतो. यांनी रेसची गाडी बांधायला घेतली. का हो, असं विचारलं तर म्हणाले, "उभा जन्म जड वस्तू ढकलण्यात गेला आण्णा. आता एक तरी अशी करायची, जी नुसती बघितली तरी पळंल."

गाडी म्हणजे काय, तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि अपघातात गेलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागं. छप्पर नाही, काच नाही, एसी नाही. रंगसुद्धा नाही, कारण "रंगाला बी वजन असतंय." क्लचच्या पेडलला भोकं पाडलेली, ब्रेकच्या पेडलला भोकं पाडलेली. बोल्टचं टोक नटाच्या बाहेर जरा जरी आलं तरी कापून, घासून छोट्या तराजूत टाकायचे आणि आकडा बघून खूश व्हायचे. इतक्या काळजीनं आमच्याकडं सोनारसुद्धा वजन करत नाही.

मी एकदा म्हटलं, त्यापेक्षा मोठं इंजिन टाका ना, आहे काय त्यात! तर मला समोर बसवून घेतलं. "जड गाडी वळवायची म्हंजी डबक्यातली म्हस उठवायची. आधी इनंती करायची, मग ढकलायचं, मग ती तिच्या सवडीनं उठनार. तवर वळण गेलं की रं गड्या!" रंगात आले की मी आण्णाचा गड्या व्हायचो. स्टिअरिंगला पॉवर का नाही, याचंही उत्तर तयार होतं. "रस्त्यावर नाणं पडलं आसंल, तर छापा हाय का काटा ते हाताला कळलं पायजे."

आता हे सगळं सांगलीत चाललेलं. सांगलीच्या माणसाला गाडी दिसली की तो तीन गोष्टी विचारतो : किती देते, डिक्की केवढी आणि घरची सगळी बसतात का. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. एका नगरसेवकानं दोनदा प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "सुभेदार, स्पीकर कुठं बसवणार?" एका पाहुण्यानं वरातीसाठी मागितली. कुणी डॅशबोर्डवर लावायला पितळेचा गणपती आणला, कुणी आरशाला बांधायला गोंडे. गणपती सुभेदारांनी हात जोडून घेतला, काट्यावर ठेवला आणि घरी देव्हाऱ्यात नेऊन बसवला. गोंडे परत केले. तो पाहुणा वर्षभर बोलत नव्हता.

पण एक सांगतो, या थट्टेमस्करीखाली त्या माणसाचा जीव टांगणीला होता. एकदा शेड बंद करताना मला म्हणाले, "आण्णा, तमिळनाडूत ट्रॅक हाय. पैसे भरलं की दिवसभर आपली गाडी पळवू देत्यात. एकदा तितं न्यायची, घड्याळ लावायचं. तवा कळंल, मी खरा का माझ्या नुसत्या बाता." सगळ्या कुपवाडला त्यांनी ऐकवून ठेवलं होतं की, पुण्या-बेंगळुरूच्या पोरांच्या विलायती गाड्यांना मी वळणावर धरणार. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

पण ट्रॅकच्या आधी कुलदैवत. नवी गाडी देवाला दाखवल्याशिवाय लांबच्या वाटेला काढायची नाही, आणि पूजेला जोडीनं बसायचं, हे सुमनवहिनींनी ठणकावून सांगितलं. सुमनवहिनी म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. ठेंगण्या, गोलमटोल आणि बोलायला फटकळ. सुभेदारांच्या गाडीला सीट एकच. सुभेदार म्हणाले, मी आत बसतो, तू बाजूला उभी राहा. वहिनी म्हणाल्या, "मी काय पंक्चरवाली हाय व्हय, बाजूला उभी राहायला?" अशा रीतीनं डाव्या बाजूला दुसरी सीट आली. पूजा झाली की काढणार, असं सुभेदारांनी मला शपथेवर सांगितलं.

गाडी रस्त्यावर न्यायला परवानगी नाही, म्हणून माझ्या टेंपोवर चढवून माण तालुक्यात शिखर शिंगणापूरला नेली. गुरुजींनी आधी माझ्या टेंपोचीच पूजा केली. मग चूक कळल्यावर वर चढून गाडीची केली. जोडी टेंपोत उभ्या गाडीत बसली, नारळ फुटला, खाली मेंढरं घेऊन चाललेले दोघे धनगर तोंडाला हात लावून बघत राहिले. घरी आल्यावर सुभेदारांनी सीट काढायला पाना हातात घेतला, तर वहिनी आडव्या आल्या. "पूजा झालेली वस्तू काडायची न्हाई. देवाच्या म्होरं दोघं बसलोय आपण." रणगाडे उलगडणारा माणूस, पण तिथं पाना खाली ठेवला. पुढं आठवडाभर त्या सीटकडं दाढ दुखत असल्यासारखं बघत होता.

तमिळनाडूला आम्ही तिघं गेलो. टेंपो माझा, म्हणून मी. आणि आम्ही दोघं बाहेरचं काहीबाही खाऊन आजारी पडतील, म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन वहिनी. ट्रॅकवर सगळी चकचकीत पोरं, एकेकाच्या गाडीला चार-चार नोकर. आमचा रंग न दिलेला डबा टेंपोतून उतरला तेव्हा दोघांनी फोटो काढले, ते कौतुकानं नव्हे. सुभेदारांनी हेल्मेट चढवलं, मला घड्याळ दिलं आणि गेले.

एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण घड्याळ कळतं. सगळे पुढं जात होते. गाडीत मात्र खोट काढण्यासारखं काही नव्हतं. कुठं झोकांडी नाही, कुठं खरखर नाही. सुभेदार आत आले, हेल्मेट काढलं. टायर गरम झालं न्हाईत म्हणाले. हवा दमट हाय म्हणाले. पेट्रोल हितलं हलकं म्हणाले. मग परत गेले आणि पहिल्यापेक्षाही हळू होऊन आले.

या वेळी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. टेंपोच्या आडोशाला जाऊन खाली बसले. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तर खाली बघूनच म्हणाले, "आण्णा, गाडीत कायबी खोट न्हाई. सरळ रस्ता संपून वळण आलं की ती सांगतीया, आजून न्हाई, आजून न्हाई. माझा पाय ऐकत न्हाई. आधीच ब्रेकवर जातुया." मग म्हणाले, "मला भ्या वाटतंय." मी बाटली त्यांच्याजवळ ठेवली. ज्याच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत झाली नाही, तो माणूस असा खाली बसलेला. वाईट वाटलं हो मला. खरंच वाईट वाटलं.

वहिनी कधी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "उठा," म्हणाल्या. "मी बसते संगं."

"तुजं वजन—" सुभेदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"माजं वजन माज्यापाशी. उठा म्हंते न्हवं?"

शेजारी माणूस बसवायला तिथं मनाई नव्हती. मी एका पोराकडून हेल्मेट मागून आणलं. वहिनींनी पदर कमरेला खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि धपकन बसल्या. सगळ्या स्प्रिंगा कुरकुरल्या. पट्टे आवळून घेतले आणि समोर बघत, एसटीच्या कंडक्टरला सांगावं तसं म्हणाल्या, "चला."

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, नाहीतर विश्वास ठेवला नसता. त्या वळणाला गाडी आली आणि ब्रेक लागेना. लागेना, लागेना, आणि मग लागला आणि गाडी अशी वळली की बास! एक विलायती गाडी त्यांनी तिथंच आतल्या बाजूनं मागं टाकली. आधीपेक्षा चांगले चार सेकंद कमी लागले. आत आल्यावर वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी विचारलं, वहिनी, भ्याला न्हाई? "भ्याले की! पर ह्यांना कळू दिलं न्हाई." सुभेदार तोवर दुसरीकडं तोंड करून टायरची हवा बघत होते.

कुपवाडला परत आल्यावर त्यांनी काय सांगावं? शेडच्या फरशीवर खडूनं गाडी काढली आणि चारचौघांना समजावलं. "ड्रायव्हर उजवीकडं. डावीकडं कोन न्हाई. म्हंजी गाडी एका अंगाला लंगडी. ही बसली, पारडं समान झालं. सिंपल हाय."

"व्हय," वहिनी चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "मी म्हंजी पारड्यातला धोंडा."

दुसऱ्या वर्षी वहिनींचे गुडघे गेले. त्या गाडीत शिरायचं म्हणजे मांडीएवढ्या उंच कडेवरून पाय टाकून आत उतरायचं, ते काही जमेना. सुभेदार म्हणाले, हरकत न्हाई, पारडंच समान करायचंय ना? वहिनींना काट्यावर उभं केलं, तेवढ्याच वजनाची वाळू दोन पोत्यांत भरली आणि तमिळनाडूत डाव्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बांधली. मी घड्याळ घेऊन उभा. पहिल्या वर्षी एकटे असताना लागायचा तेवढाच वेळ. दुपारपर्यंत तेवढाच. मग त्यांनी वहिनींना फोन लावला आणि "जेवलीस का?" एवढंच विचारून ठेवला.  परतीच्या वाटेवर बेळगाव आल्यावर म्हणाले, "वाळू हलत हुती." मी हो म्हटलं. काय करणार?

गेल्या महिन्यात मी सांगली सोडली, लेकाकडं पुण्याला आलो. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला शेडवर गेलो, तर सुभेदार गाडीची डावी कड कापून बसलेले. ती कड म्हणजे सांगाड्याचा कणा, हे त्यांनीच मला कैकदा सांगितलं होतं. तिथं त्यांनी बिजागऱ्या लावून दार बसवलं होतं. कड कापली म्हणून खाली दुहेरी नळी, वर आडवी नळी, कुलपाला जाडजूड पट्टी. मी म्हटलं, सुभेदार, हे काय चाललंय? "सेफ्टीचा नियम हाय," म्हणाले. असा कुठलाही नियम नाही.

एवढ्यात वहिनी आल्या, काठी टेकत. सुभेदारांनी दार उघडून धरलं. त्या सावकाश वळल्या, सीटवर बसल्या, मग हातानं एकेक पाय उचलून आत घेतला. दार ओढलं, ते निम्म्यावर येऊन अडलं. पुन्हा दोन्ही हातांनी ओढलं.

"आवं, लय जड हाय की ओ हे!"

सुभेदारांनी बाहेरून दाराला खांदा लावला आणि ते लागेपर्यंत रेटलं.

"आसू दे," म्हणाले.