सड्यावरचा खांब

कारखान्याच्या गेटात उभं राहिलं की समोर सडा दिसतो. दिवसा बघावं तर नुसता काळा कातळ, मधेमधे वाळलेलं गवत आणि उताराला आंब्याची कलमं. मिरजोळ्याला नवा होतो तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या पाळीतून सुटून बाहेर आलो, तर त्या सड्यावर दिवे चालले होते. एकामागे एक, माळेसारखे. मधेच एखादा बुडायचा आणि थोडा पुढे जाऊन पुन्हा वर यायचा. गाड्या म्हणाव्यात तर आवाज नाही.

"ते काय हो काका?" मी वॉचमनकाकांना विचारलं.

"वेताळाची पालखी," ते तंबाखू मळत म्हणाले. "टक लावून बघू नको. घेऊन जातो बरोबर."

मी परभणीकडचा. आमच्याकडं भूत असतं ते विहिरीत, नाहीतर चिंचेवर. आपलं ठिकाण सोडून ते कुठं जात नाही. पालखीत बसून हिंडणारं भूत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भीती वाटली हे खरं, कारण मला कशाचीही भीती वाटते. खोलीचं कुलूप लावलं का नाही हे बघायला मी अर्ध्या वाटेतून परत जाणारा माणूस. पण त्या भीतीपेक्षा एक प्रश्न मोठा झाला. पालखी असेल तर खांदेकरी कोण? आणि दिवा बुडतो म्हणजे नक्की काय होतं?

पुढच्या आठवड्यात सुट्टी होती त्या रात्री मी सड्याच्या पायथ्याला जाऊन उभा राहिलो. दिवे खाली आले. पहिला दिवा माझ्यासमोर थांबला. त्याच्या खाली सायकल होती. जाड टायरांची, मातीनं माखलेली. वर हेल्मेट घातलेला साठीच्या आसपासचा माणूस.

"काय हरवलंय का?"

"नाही. तुम्ही कोण ते बघायला आलो."

मागे सगळे हसले. "आमच्या बायकापण तेच विचारतात," कुणीतरी म्हणालं.

तर हा सायकलवाल्यांचा क्लब होता. दर आठवड्याला एकदा रात्री सडा चढायचा, कातळावरनं फिरायचं, पलीकडे गावात उतरून टपरीवर चहा घ्यायचा आणि घरी जायचं. पुढे चालणाऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. ते जहाजावर होते, पण कप्तान नव्हते, खाली इंजिनात होते. हे ते स्वतःच सांगतात. दिवा बुडतो तो कातळातल्या खोलगट वळणांमुळे, हे मला त्याच रात्री कळलं. मी अजून काय काय विचारलं कोण जाणे, पण शेवटी कप्तान म्हणाले, "एवढं विचारण्यापेक्षा ये की. मुलाची सायकल पडून आहे घरी. तो मस्कतला. टायर कुजतायत नुसते."

परक्या मुलखात कुणी असं काही हातात दिलं की मला आधी वाटतं, चुकून दिलं असणार, आता परत मागतील. त्या सायकलीवर मी अजूनही पूर्ण भार टाकून बसत नाही.

सगळ्यात मागे बाई असायच्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांना 'शेपूट' म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट अभिमान आहे. शेपटाचं काम एकच, कुणाला आपल्या मागे राहू द्यायचं नाही. मला त्यांची धास्ती वाटायची. नववीत शाळा सुटली माझी. वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त उभा असायचो. मग एक दिवस वाटलं, उभंच राहायचं तर शाळेपर्यंत चालायचं कशाला. तेव्हापासून बाई म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्या "जेवलास का रे?" विचारायच्या तरी मी उत्तर चुकेल म्हणून थांबायचो.

या दोघांच्या मधे असतो खांब. सड्यावर फाटे फार, आणि अंधारात सगळे सारखे. म्हणून फाटा आला की कप्तान आपल्या मागच्याला तिथं उभा करतात. त्यानं हातानं वाट दाखवत उभं राहायचं. शेवटी शेपूट येतं, खांबापाशी "शेपूट!" असं ओरडतं, तेव्हाच खांबानं जागा सोडायची. नकाशा नाही, फोन नाही, एवढ्या एका शब्दावर सगळा कारभार.

एप्रिलमधल्या एका रात्री कप्तान मला म्हणाले, "आज तू खांब."

जागा होती चिरेखाणीचा फाटा. उजवीकडची वाट खाली गावात जाते. डावीकडची सरळ जाऊन खाणीत संपते. चिरे कापून नेले की जमिनीत खोलीएवढे, घराएवढे चौकोनी खड्डे राहतात, कडा सुरीनं कापल्यासारख्या. कुंपण नाही. दिवसा बघितली तेव्हा खाली वाकून एक खडा टाकला होता मी. आवाज यायला वेळ लागला.

"हात उजवीकडे. दिवा येणाऱ्यांच्या पायाशी, डोळ्यात नाही. आणि शेपूट येईपर्यंत हलायचं नाही."

"आणि शेपूट आलंच नाही तर?"

"शेपटाशिवाय जनावर बघितलंयस कधी?"

बघितलं होतं, आमच्या आळीत एक बांडं कुत्रं होतं.

कप्तान गेले. मग एकेक येत गेला. क्लबातले मेडिकल दुकानवाले माझ्याजवळ हळू झाले. "अरे, खांबाला पालवी फुटली! हात बघा कसा हलतोय!" मी दुसऱ्या हातानं तो हात धरला. आठवडाभरासाठी पुण्याहून आलेला एक पाहुणा त्या रात्री आमच्यात होता, तो बऱ्याच अंतरानं आला. "थँक यू, दादा!" म्हणाला आणि उजवीकडे उतरून गेला. मी म्हणालो, "वेलकम." कारखान्यात साहेब असंच म्हणतात.

त्याच्यानंतर यायच्या होत्या बाई, आणि त्यांच्याबरोबर बँकेतली एक मुलगी.

त्या आल्या नाहीत.

आधी मला काहीच वाटलं नाही. पंक्चर असेल. मग खालच्या उतारावर उजवीकडचे आवाज विझले आणि सडा एकदम मोठा झाला. फोन काढला, रेंज नाही. माझा दिवा पिवळा पडायला लागला होता, म्हणून मी तो बंद केला. आवाज आला की लावायचा, नाही आला की बंद.

दिवा बंद केला आणि मला वाटलं होतं तेवढा अंधार नाहीच असं दिसलं. कातळाला दिवसभराची ऊब होती, ती बुटातून वर येत होती. खालून कैरीच्या चिकाचा आंबट वास. पश्चिमेला समुद्र आहे हे माहीत होतं, पण तिथं गाव वसावं तसे दिवे होते. होड्यांचे. आमच्याकडं रात्री असं आडवं बघितलं तर शेजारच्या गावाचे दिवे दिसतात. इथं शेजारचं गाव रोज जागा बदलत असणार. दीपस्तंभाचा झोत यायचा, माझ्या अंगावरनं जायचा. एक टिटवी माझ्याभोवती ओरडत फिरत होती. तिची अंडी जवळ कुठं असतील का, मी पाय कुठं ठेवलाय, म्हणून मी पुन्हा दिवा लावून बघितलं. बंद केला. पुन्हा लावला.

तेवढ्यात आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्यापलीकडून बॅटरी थेट माझ्या तोंडावर आली. कुत्रं भुंकलं.

"कौन? कोण तिकडे?"

"खांब!" मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून जे खरं असेल ते बाहेर पडतं.

"काय?"

"मी खांब आहे. रस्ता दाखवायला."

बॅटरी माझ्या उजव्या हातावर गेली, तिथून मोकळ्या वाटेवर, तिथून डावीकडे. "किसको?"

कुणीच नव्हतं खरं.

तो बागेचा राखणदार होता, नेपाळी. इथल्या कलमांच्या बागांवर हंगामात ते असतात. माझ्याएवढाच असेल, नाहीतर थोडा मोठा. दिवा लागतो-विझतो, म्हणजे आंबेचोरांना कुणीतरी इशारा देतंय, असं त्याला वाटलेलं. मी सगळं सांगितलं. कप्तान, बाई, शेपूट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ड्यूटी तुझी."

"ड्यूटी नाही. मजा म्हणून येतो."

बॅटरी पुन्हा तोंडावर. "मजा?" मग तो असा हसला की कुत्रंही गप्प झालं. गडग्यावर बसला. "चोर दिवा नाही लावत. म्हणून तू चोर नाही. पागल असशील."

मला त्याला खूप विचारायचं होतं. तुझ्या गावात रात्री कसं असतं, डोंगर अंधारात दिसतात का, चोराचा पाय आणि वानराचा पाय कसा ओळखतोस. त्यानं सांगितलं, वानर रात्री येत नाहीच, झोपतं. रात्री येतो तो माणूस, नाहीतर बिबट्या, आणि कुत्रं दोघांसाठी वेगळं भुंकतं. "आत्ता कोणासाठी भुंकलं?" "तुझ्यासाठी नवीनच भुंकलं," तो म्हणाला. त्याच्या गावी शौक म्हणून रात्री कुणी बाहेर पडत नाही. सायकलवर तर नाहीच. वाट एवढी उभी की सायकलच माणसावर बसेल.

बोलताना बरं वाटत होतं, पण कान आम्ही आलो त्या मागच्या वाटेवर होता. बाई या फाट्यावर मी नसताना आल्या तर? त्यांना वाट पाठ असेल? त्या बँकेतल्या मुलीला तर नक्की नव्हती. आणि दुसरी भीती, जी सांगायला लाज वाटते: मला सगळे विसरले असतील तर? कोण मी त्यांचा. कुणाच्या तरी मुलाच्या सायकलवर बसलेला.

राखणदाराला ते दिसलं असावं. "तू जा. मी उभा राहतो. मला तर उभंच राहायचंय सकाळपर्यंत."

मी सायकल हातात घेतली. खरंच घेतली. मग वाटलं, रात्री सड्यावर एक अनोळखी माणूस कुत्रं घेऊन उभा आहे आणि म्हणतोय उजवीकडे जा. बाई त्याचं ऐकतील? बाई डावीकडेच जातील. तेवढं मला बाईमाणसांचं कळतं.

सायकल परत टेकवली. हात उजवीकडे केला.

"अरे, कोणी नाही आत्ता. खाली कर हात."

"असू दे."

कितीतरी वेळानं दिवे आले. पण उलटीकडून, खालून, गावाच्या वाटेवरून, चढ चढत. सगळेच्या सगळे. कप्तानांना धाप लागली होती.

"मेल्या! अजून उभाच?"

"बाई यायच्यात," मी म्हणालो.

मग कप्तानांनी सांगितलं. त्या मुलीची चेन सुरुवातीलाच तुटली. बाई तिला घेऊन डांबरी रस्त्यानं परत फिरल्या. पाहुण्याला सांगून गेल्या, सगळ्यात मागे राहा, कुणाला मागे टाकू नकोस. तो बिचारा इमानानं मागे राहिला. पण खांबापाशी ओरडायचं असतं हे सांगायला बाई घाईत विसरल्या. टपरीवर रेंज आली आणि बाईंचा फोन आला. पहिला प्रश्न, खांब उचलला ना?

"मी पाहुण्याला विचारलं, खांब कुठाय? तर हा म्हणतो, कोणता खांब?"

पाहुणा सायकलीच्या मागे लपला होता. "मला वाटलं, हे इथलेच कुणी आहेत. गावचे. वाट दाखवायला उभे."

इथलेच कुणी. मला ते ऐकून का कोण जाणे बरं वाटलं.

"चल आता, चहा गार झाला," मेडिकलवाले म्हणाले.

चला म्हणाले तरी माझे पाय हलेनात. बाई घरी आहेत हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाजूनं, ज्या वाटेवर मी इतका वेळ कान ठेवला होता त्याच वाटेनं, एकच दिवा आला. धडधडत. चिऱ्यांच्या ट्रकच्या चाकोरीतून आपटत एक स्कूटर. मी दिवा लावून खाली धरला, तिच्या पुढच्या चाकापाशी. हात उजवीकडे होताच.

बाई होत्या. मॅक्सीवर विंडचीटर, केस ओले, डोक्यावर सायकलचंच हेल्मेट.

"बाई, तुम्ही कशाला..."

"गप्प. आधी माझं काम करू दे." त्यांनी स्कूटर बंद केली. आणि त्या पूर्ण आवाजात, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडल्या,

"शेपूट!"

मी हात खाली घेतला. तो सरळ खाली आला नाही, कोपरात अडकला. राखणदारानं धरून खाली केला.

"पाणी तरी आणलं होतंस का बरोबर?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"पुढच्या वेळी आण," त्या म्हणाल्या. मग पाहुण्याला बोलायला त्याच्याकडे वळल्या.

मी सायकलवर बसलो. राखणदार गडगा चढून बागेत उतरत होता. मधेच थांबून त्यानं बॅटरी वाटेवर फिरवली, आम्ही आलो होतो तिकडे, अगदी मागपर्यंत.

"अब तो कोणी नाही ना पीछे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. तरी एकदा वळून बघितलंच.