आली का?

सणसवाडीच्या कंपनीत मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी घरी आणला, तेव्हा आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यो खातो काय?" लाईट खातो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर लाईट मोटारीलाच पुरत नव्हती, त्यात हा नवा खाणारा. मी त्या कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायचे आणि घरी सराव करून लवकरच मोठी साहेबीण होणार होते. तो बेत पुढं कधीतरी आपोआप बारगळला.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. माझ्या लहानपणी रानाला पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, कळप विकला गेला आणि आबा शेतकरी झाले. पण चाल मेंढक्याचीच राहिली. मेंढका कळपाच्या पुढं चालतो, हाक देतो आणि मागं वळून बघत नाही. मागं आई असायची, बिऱ्हाडाचं घोडं धरून. हाक दिली की आबा समोरच बघत मेंढरांचं विचारायचे, "आली का?" मग कळपामागून आई सांगायची, "आली." दिवसभरात दोघांचं बोलणं बहुतेक एवढंच व्हायचं. त्यांना त्याहून जास्तीची गरज पडलेली मी कधी पाहिली नाही.

ती हाक काही नावानं मारायची हाक नव्हती. जीभ टाळ्याला लावून घशातून काढलेली घरघर, मध्येच टकटक, आणि शेवटी लांबवलेला श्वास. लिहून ती दाखवता येत नाही, मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

एका दुपारी लाईट होती म्हणून मी हेडफोनचा माईक आबांच्या तोंडापुढं धरला. आधी ते तयारच होईनात.

"मेंढरं न्हाईत तर हाक कुनाला देऊ?"

"मला द्या."

यावर हसले. मग माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं आणि दिली. आम्ही ती एकदा लावून ऐकली. आपलाच आवाज डब्यातून येतोय म्हटल्यावर आबा लाजले, आम्ही हसायला लागलो आणि ते गोठ्याकडं निघून गेले. फ्लॉपीत ती फाईल मावेना, म्हणून कॉम्प्युटरमध्येच राहिली. माणूस घरात हिंडत-फिरत असताना त्याची हाक डब्यातून कोण ऐकत बसतं?

काही वर्षांनी आबा गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. एके दिवशी आई धान्य निवडता निवडता म्हणाली, "त्या डब्यात त्येंची हाक हाय न्हवं? लाव की."

मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ आली आणि आतून आवाज यायला लागला, टक, टक, टक. आईनं मान वर केली. तिला वाटलं, हीच हाक सुरू होतेय. मला ते तोंड अजून दिसतं. "न्हाई आई, बिघडलाय," म्हणताना मला त्या डब्याचा इतका राग आला, की लाथच घालणार होते.

शिरूरच्या दुकानदारानं हार्ड डिस्क कानाशी धरली आणि सांगितलं, ही गेली, नवी टाका. नवी घेऊन मी काय करणार होते? नव्या डिस्कमध्ये आबा कुठून येणार? शेवटी कुणीतरी दौंडला स्टेशनजवळचं एक दुकान सांगितलं. तिथला माणूस मेलेल्या डिस्कमधून फाईली काढतो म्हणे. मी अख्खा डबा आबांच्या घोंगडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं वाकून बघितलं.

"कोकरू हाय का काय, ताई?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

दौंडचा माणूस माझ्याच वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरला ठेवतो. गार असली तर थोडा वेळ चालते. पण एकदाच. तेवढ्यात जे निघेल ते निघेल. फाईलींची नावं राहत न्हाईत, उघडून बघाव्या लागतात. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"वडिलांची हाक आहे त्यात. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं, वडिलांची हाक. शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीझरमध्ये, कुल्फ्यांच्या बाजूला, आबा गारठत पडले. मी रोज कंपनीतून फोन करायचे आणि विचारायचे, "आली का?" तो म्हणायचा, "अजून न्हाई, मॅडम." आपण कुणाचे शब्द बोलतोय, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

एके दिवशी त्याचाच निरोप आला. गेले तर त्यानं सीडी तयार ठेवली होती. बहिणीच्या लग्नाचे फोटो आले होते, भावानं भरलेली सिनेमाची गाणी झाडून सगळी आली होती, माझ्या टायपिंगच्या सरावाचीही पानंच्या पानं आली होती.

"हाक?"

"ती न्हाई सापडली, मॅडम. लई बघितलं. कुठंच कुनी कुनाला हाक मारत न्हाई."

"कुणाला म्हणजे? मेंढरांना मारलेली हाक आहे ती."

त्याच्या ध्यानात येईना. मग दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी जीभ टाळ्याला लावली आणि आबांची हाक काढून दाखवली. माझी ती कसली हाक, नुसती नक्कल. पण त्याचा चेहरा उतरला.

"ह्यो आवाज होता," तो म्हणाला. "मला वाटलं, फाईल खराब झालीय, नुसती खरखर येतीय. डिस्क गरम व्हायला लागली होती, म्हणून ती सोडून गाणी घेतली."

"पुन्हा लावा."

त्यानं लावली. आता टकटकसुद्धा येत नव्हती. तो बिचारा पुन्हा पुन्हा माफी मागत होता. चूक त्याची तरी कशी म्हणू? हाक म्हटल्यावर जगातली माणसं नावच शोधणार. तरी मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मी निघताना तो म्हणाला, "शेवटी बोलनं पन होतं, मॅडम. एक मानूस इचारतो, आली का? आन् लांबून एक बाई म्हनती, आली. मला वाटलं, लाईट आली का इचारत्यात."

मला हे आठवतच नव्हतं. आबांनी भिंतीकडं बघत सवयीनं विचारलं असणार आणि चुलीपुढून आईनं सवयीनं उत्तर दिलं असणार. आम्ही हसण्याच्या नादात ते ऐकलंच नसेल. आबांचा आवाज शेवटचा ऐकला तो या परक्या माणसानं, आणि त्याला ती लाईटची चौकशी वाटली. परतीच्या एसटीत मला त्याचा हेवा वाटत राहिला.

आई ओट्यावरच बसली होती. मी जवळ जायच्या आत तिनं विचारलं, "आली का?"

मी शेजारी बसून सगळं सांगितलं. ती आधी हसली. "खरखर म्हनला व्हय? मेंढरांस्नी बरं कळत हुती!" मग म्हणाली, "तू दुकानात काढलीस तशी काढ बघू."

मी उठले. आबांसारखी तिच्याकडं पाठ केली, रानाकडं तोंड केलं आणि जमेल तशी हाक दिली. रितीप्रमाणं पुढचंही विचारलं, "आली का?"

मागून काही आलं नाही. मी वळणार, तेवढ्यात आई म्हणाली, "ते न्हाई इचारायचं. ते त्येंनी इचारायचं."

मग मी नुसती हाक दिली आणि पुढं काही विचारलं नाही.